पास-बॉक्समधून आत गेलेलं ताट

वारूळवाडीत आमचा गोळ्यांचा कारखाना होता. औषधाच्या गोळ्यांचा, हे मुद्दाम सांगावं लागे, कारण नवा पाहुणा हमखास विचारायचा, "लिमलेटच्या का?"

आम्ही दोनच प्रकारच्या गोळ्या करायचो. तापाच्या पांढऱ्या आणि रक्तवाढीच्या लाल. दोन्ही निविदेतून सरकारी दवाखान्यांना जात. जुन्नर आणि आंबेगावच्या आरोग्य केंद्रांत, तिथून नर्सबाईंच्या पिशवीतून पार भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या वाड्यांपर्यंत. दुकानात आमची गोळी मिळत नसे. तिला नाव नव्हतं, जाहिरात नव्हती, डॉक्टरांकडे बॅग घेऊन जाणारा टाय घातलेला माणूस नव्हता. ती फुकट मिळायची, त्यामुळे लोकांचा तिच्यावर फारसा विश्वासही नव्हता. तरी खायचे.

ती शेड मुळात द्राक्षं पॅक करण्यासाठी नवऱ्यानं बांधलेली. द्राक्षांचा धंदा जमला नाही. मी फार्मसीची पदवी घेतलेली, लग्नाआधी पुण्यात एका औषध कंपनीत काम केलेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही जुनं पंचिंग मशीन आणलं आणि सुरू केलं. गोळ्या पाडण्याच्या यंत्राला सगळे पंचिंग मशीनच म्हणायचे. ते चालवायला गावातलाच एक माणूस होता, त्याला सगळे भाऊ म्हणत. पॅकिंगला बायका. टोमॅटो निवडायला उन्हात बसण्यापेक्षा इथे सावली होती, पंखा होता आणि बारमाही काम होतं. त्यांची मुकादम एक पन्नाशीची विधवा बाई. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही.

दहाएक वर्षं बरी गेली. मग दिल्लीहून नवे नियम आले. औषध कसं बनवायचं, कुठल्या खोलीत, कसल्या हवेत, भिंतींना कोपरे असावेत की गोलाई, सगळं नव्यानं ठरलं. पाळलं नाही तर लायसन्स जाणार. लायसन्स नाही तर निविदा नाही, आणि निविदा नाही तर आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं.

पुण्यात लहान कारखानदारांची एक सभा झाली. मी गेले. व्यासपीठावरून एकजण म्हणाले, हा मोठ्या कंपन्यांचा डाव आहे, त्यांना आपल्याला संपवायचंय. टाळ्या पडल्या. मोठ्या कंपनीतले एक गृहस्थही बोलावलेले होते. ते शांतपणे म्हणाले, "गरिबाला मिळणारी गोळी श्रीमंताच्या गोळीइतकीच चांगली असली पाहिजे, एवढंच नियम म्हणतो. तुमचं ह्याला 'नाही' आहे का?" कुणाचंच नव्हतं. सभेनंतर बटाटेवडे होते, ते सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ले.

मला ते गृहस्थ आवडले नाहीत, पण त्यांचं म्हणणं खोडता येईना. आजही येत नाही. आमच्या शेडमध्ये मार्चमध्ये वारा सुटला की दाराच्या फटींतून धूळ यायची. मी त्या धुळीत ओल्या फडक्यांवर कारखाना चालवला होता. सरकारला लोकांचं आरोग्य सुधारायचं होतं. मोठ्या कंपन्याही तेच म्हणत होत्या. आम्हालाही तेच हवं होतं. अशा वेळी भांडायला कुणी सापडत नाही, आणि बुडायचं ते शांतपणे बुडावं लागतं.

आम्ही न बुडायचं ठरवलं. नवऱ्यानं रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकला आणि शेडच्या आत दुसरी शेड उभी राहिली. गुळगुळीत रंग दिलेल्या भिंती, छतात हवा गाळणारं यंत्र, आत जायच्या आधी कपडे बदलायची खोली. वस्तू आत द्यायला भिंतीत दोन दारांची स्टीलची पेटी, म्हणजे पास-बॉक्स. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही.

भिंती उभारणं सोपं होतं. बायकांना शिकवणं अवघड गेलं. आत बांगड्या चालणार नाहीत म्हटल्यावर आठवडाभर रुसवे चालले. एकीची सासू भांडायला आली. शेवटी मावशीनंच भांडण तोडलं. "काढा गं. माझ्या हाती हायेतच कुठं? मी मेले का? भाईर आल्यावर घाला परत." टिकलीही गेली. टोपी, झगा, पायमोजे. मी रोज सकाळी उभं राहून घोकून घेत होते. हवा चालू केल्याशिवाय आत जायचं नाही. हात धुतल्याशिवाय जायचं नाही. कुठलीही वस्तू हातात घेऊन जायची नाही, पुसून पास-बॉक्समधून घ्यायची.

त्या पोरी हसायच्या. टोप्या घालून एकमेकींना "डाक्टरीणबाई" म्हणायच्या. पण शिकल्या. पक्क्या शिकल्या.

तपासणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. दिवाळीच्या आत निविदा भरायची होती आणि तिच्यासोबत नव्या नियमांचं प्रमाणपत्र लागणार होतं. म्हणजे ही एक तपासणी पार पडली की आम्ही तरलो, नाहीतर नाही. मावशीला हे मीच सांगितलं होतं. तिनं सगळ्यांना सांगितलं.

खंडेनवमीला मी पुण्यात होते, वजनकाटे तपासून आणायला. नवरा आळेफाट्याला जनरेटरच्या मागे. भाऊ दरवर्षीप्रमाणे दसऱ्यासाठी नागपूरला गेलेला, दीक्षाभूमीवर. जाताना किल्ली मावशीकडे देऊन गेला.

दसऱ्याच्या सकाळी मी कारखान्याचं दार उघडलं आणि बाहेरच्या बोळातच मला धुपाचा वास आला. काचेतून पाहिलं. नव्या कोऱ्या खोलीत पंचिंग मशीनला झेंडूचा हार होता. हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. खाली उदबत्तीची राख.

मावशी मागून आली. नवं लुगडं, चेहरा खुललेला.

"मावशी, हे काय?"

"खंडेनवमी न्हाई का, वहिनी? दरसालची पूजा. औंदा जरा झ्याक केली. उद्या सायेब येनार."

"आत केली?"

"मशीन आत हाय तर पूजा भाईर कशी करायची?"

तिला वाटलं मी पद्धतीबद्दल विचारतेय. तिनं बोटांवर मोजून सांगितलं, "हात धुतले. झगे घातले, टोप्या घातल्या. ताट पुसून पास-बॉक्समधून घेतलं. एक दार लावल्याबिगर दुसरं उघडलं न्हाई. इचारा पोरींना."

"आणि हवेचं यंत्र?"

"चालूच व्हतं की. हवा चालू असल्याबिगर आत जायचं न्हाई, तुमीच तर घोकून घेतलं."

"धूप?"

"लई लावला. खोली भरून गेली व्हती, पण त्या यंत्रानं समदा वढून घेतला. लई भारी यंत्र हाय."

"नारळ?"

"नारळ भाईर फोडला. आत कचरा कशाला करायचा?"

मी तिथेच पायरीवर बसले. मी शिकवलेलं एकही कलम त्यांनी चुकवलं नव्हतं.

दसऱ्याचा दिवस आम्ही सगळ्याजणी खोली धुण्यात घालवला. भिंती, छत, फरशी, मशीनचा एकेक भाग सुटा करून. कुंकू धातूच्या सांध्यांत जाऊन बसतं. आपण पुसतो तसं ते आणखी पसरतं. पोरी रडत रडत पुसत होत्या. मावशी रडली नाही. ती मशीनखाली आडवी होऊन दातकोरणीनं खाचा कोरत होती. दुपारी घरोघरी पुरणाचा स्वयंपाक थांबला होता, कुणाचे कोण बोलवायला येऊन परत गेले. संध्याकाळी खोली पुन्हा पांढरी दिसू लागली. राहिली ती छताजवळची जाळी आणि तिच्यामागचं फिल्टर. खोलीतली हवा तिथूनच परत ओढली जाते. ते धुता येत नाही, बदलावंच लागतं, आणि दुसरं आमच्याकडे नव्हतं. मुंबईहून यायला तीन आठवडे.

"सायेब तितं कशाला बघतील?" एक पोरगी म्हणाली.

साहेब तरुण होते, नगरकडचे, बोलायला मऊ. सगळं फिरून पाहिलं. भिंतींवर बोट फिरवलं, बायकांना प्रश्न विचारले. बायका परीक्षेला बसल्यासारख्या घडाघडा उत्तरं देत होत्या. साहेब खूश दिसले. मग त्यांनी स्टूल मागितलं, वर चढले आणि जाळी उघडली.

फिल्टर काळपट झालं होतं. मधे गुलाबी झाक. कडेला झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

"मॅडम, हे काय आहे?"

"झेंडू," मी म्हणाले.

"ते कळलं."

मी सरळ सांगून टाकलं. मावशी मध्ये पडली. "सायेब, आमी केलं. वहिनी न्हवत्याच गावात. काय लिवायचं ते आमच्या नावानं लिवा."

साहेब स्टुलावरून उतरले. रागावले नाहीत. म्हणाले, "मावशी, परवा आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरलाही हार घातला होता. पण कॉम्प्युटर कुणी गिळत नाही."

नवरा त्यांना चहाला घेऊन बसला. "राव, एवढं एक फूल," तो म्हणाला. साहेब म्हणाले, "फुलाचं काही नाही हो. धूर कुठे कुठे गेला, ते सांगाल का?" नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं नसतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच विचारलं असतं.

नवं फिल्टर बसवा, हवेची चाचणी पुन्हा करा, मग मी परत येतो, असं ते लिहून गेले. फिल्टर दिवाळीच्या तोंडावर आलं. चाचणी दिवाळीनंतर झाली. साहेब शब्दाला जागले, ताबडतोब आले, आणि आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. तोवर निविदेची मुदत संपली होती. ते काम कुठल्या तरी डोंगरी राज्यातल्या मोठ्या कारखान्याला गेलं. तिकडे नवे कारखाने काढणाऱ्यांना कर माफ होता. त्यांच्या भावात आमचा कच्चा मालही आला नसता.

भाऊ नागपूरहून आला होता तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. तो मावशीला म्हणाला, "मी चार दिवस गेलो तर तुमी देवाला टोपी घातली व्हय!" कुणी हसलं नाही.

आम्ही एक वर्ष रेटलं. दुकानदारांकडे माल घेऊन गेलो, पण बिननावाची गोळी दुकानात कोण घेणार? पुढच्या निविदेत नवीन अट आली. अमुक इतकी उलाढाल असलेल्या कंपनीनंच भरायची. ते कारणही पटण्यासारखं होतं. लहान कारखाने पुरवठा अर्धवट सोडतात, अशी तक्रार होती, आणि काही सोडतही होते. ती अट आम्ही दहा जन्मांत पुरी केली नसती. म्हणजे त्या वर्षी पाकळी चिकटली नसती तरी आम्ही पुढच्या वर्षी गेलो असतो.

हे मी मावशीला अनेकदा सांगितलं. हिशेब मांडून सांगितलं. तिला पटलं नाही. "पूजा केली नसती तर..." एवढंच ती म्हणायची. मला चीड यायची. दिल्लीत ठरलेली गोष्ट ह्या बाईनं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती, आणि तिथून ती काही केल्या उतरवता येत नव्हती.

पंचिंग मशीन एका कापूरवाल्यानं नेलं. त्यावर आता पूजेच्या वड्या पडतात. नवऱ्यानं ठिबकच्या पाइपांची एजन्सी घेतली. बायका पुन्हा बाजारात टोमॅटो निवडायला बसल्या. मी मंचरला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून लागले.

दोन वर्षांनी मावशी त्या दुकानात आली. लेकीला घेऊन. लेक घोडेगावच्या वर, भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीत दिलेली. सहावा महिना होता. मी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखा पांढरा रंग.

"लाल गोळ्या दिल्या नाहीत का नर्सबाईंनी?"

"संपल्यात म्हनं. वरून आल्या न्हाईत," लेक म्हणाली.

"किती दिवस?"

"पावसाळ्यापासून."

मावशी तिच्याकडे न पाहता मला म्हणाली, "आपल्या गोळ्यांचं पोतं कवाच संपायचं न्हाई, न्हाई का वहिनी?"

मी रक्तवाढीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली. चांगल्या कंपनीची होती. सवयीनं मी पाकिटातून गोळीचा आकार चाचपून पाहिला, कडा पाहिल्या, रंग एकसारखा आहे का पाहिलं. निर्दोष माल होता. आमच्यापेक्षा चांगला.

किंमत सांगितली. मावशीनं कमरेची पिशवी उघडून आत पाहिलं आणि बंद केली.

"समदी नको, वहिनी. चार द्या."

"मावशी, ह्या तीन महिने रोज घ्यायच्या असतात."

"मला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मीच भरत व्हते ना पाकिटात. चार द्या."

मी कात्री घेतली आणि स्ट्रिप चारवर कापली.