ललिताताई आणि रविवारचा रस्सा

रविवारी कोणाच्या घरी काय शिजतंय हे मला नुसत्या वासावरून कळतं. त्यामुळे ललिताताई इंगोले आमच्या शेजारी राहायला आल्या आणि त्यांच्या दारावर ‘दंडवत प्रणाम’ लिहिलेलं दिसलं, तेव्हा माझं तोंडच उतरलं. महानुभाव पंथाचं घर म्हणजे अंडंसुद्धा बाद. आता आपल्या कोंबडीच्या फोडणीवरून दर रविवारी भांडण होणार, असं मी धरूनच चालले. पण बाईंनी रविवारी आपली खिडकी गुपचूप लावून घेतली आणि सोमवारी वाटीभर अंबाडीची भाजी आणून दिली. “तुमी तुमचं खा, आमी आमचं,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून आमचं गूळपीठ.

ललिताताई अमरावतीत मुलींच्या एका वसतिगृहाच्या अधीक्षिका. आधी अकोल्याला ऑफिसात होत्या, तिथं फायलींशी संबंध. फायली शाकाहारीच असतात. बढती मिळून इथं आल्या आणि पंचाईत झाली. वसतिगृहात दर रविवारी कोंबडीचा रस्सा, आणि नियम असा की पोरींना वाढण्याआधी अधीक्षिकेनं प्रत्येक पदार्थाची चव घ्यायची.

त्यांचे वडील भगवंतराव नांदगाव खंडेश्वरला शेती करतात. कापूस, तूर आणि स्वभाव, तिन्ही एकदम कडक. बढतीचे पेढे खाता खाताच त्यांनी लेकीला सांगून टाकलं, “नोकरी कर, माहं काही म्हणणं नाही. पण त्या भांड्याले हात लावला त मी तुह्या हातचं पाणी पिणार नाही.” हे नुसतं बोलणं नव्हतं. सख्ख्या चुलतभावानं पोराच्या लग्नात पाहुण्यांना दारू पाजली, तेव्हापासून भगवंतराव त्याच्या ओट्यावर बसतात, गप्पा मारतात, आणि तहान लागली की उठून घरी येतात. ललिताताईंचा बापावर भलता जीव. बाप लेकीकडे येऊन कोरड्या घशानं परत जाईल, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

वाट काढली मेसच्या कंत्राटदारानं. किशोर त्याचं नाव. गोड बोलण्यात पटाईत. “ताई, तुमी काहून तरास घेता? चव मी पाहून घेतो ना! तुमाले ऑफिसातच पनीर पाठवतो. डबा नवा, शेगडी वेगळी, बनवणाराही माळकरी.” ताई हरखल्या. दर रविवारी त्या आपल्या ऑफिसच्या खोलीत पनीर खात आणि किशोरचं कौतुक करत. माझ्यासमोरही करत. पनीर खरंच चांगलं असे, मी खाल्लेलं आहे.

एका संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो होतो. ताई मोठ्या समाधानानं म्हणाल्या, “आमच्या होस्टेलचं वातावरणच बदलून राहिलं बघा. पहिले रविवारी मेसच्या मागं कुत्र्यायची जत्रा भरे. आता एकही येत नाही.”

मी जागीच थांबले. “ताई, कोंबडीच्या दिवशी हाडकं कुठं टाकता?”

“मागच्या ड्रमात.”

“मग कुत्रे का येत नाहीत? ते काय पंथात आले?”

ताईंना आधी हसू आलं, मग ते हळूहळू मावळलं. हाडकं नाहीत म्हणजे कोंबडी नाही, हा हिशोब त्यांनी रस्त्यातच मांडला. मेळघाटातून, खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरी आठवडाभर रविवारची वाट बघत, आणि त्यांच्या ताटात लाल पाणी पडत होतं. अधीक्षिका मात्र खोलीत पनीर खात बसलेल्या. “मले आंधळं ठेवायसाठी पनीर चारून राहिला होता तो मेला!” ताई भर रस्त्यात ओरडल्या. मी त्यांच्या तोंडून ‘मेला’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकला आणि मला मनापासून बरं वाटलं.

मग सुरू झाली शिकवणी. ताई माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पदर नाकाला लावून उभ्या, आणि मी आत पातेल्याचं झाकण काढून सांगतेय: तर्री वर अशी यायला हवी, रस्सा डावाला असा धरायला हवा, ही तंगडी, ही मान, नुसत्या मानाच दिसल्या तर समजायचं कोणीतरी लबाडी केली. ताई परीक्षेला बसल्यासारख्या प्रश्न विचारत होत्या. मध्येच म्हणाल्या, “देवा, माफ कर मले,” आणि लगेच, “तंगडी पुन्हा दाखवा.”

पुढच्या रविवारी मला सोबत घेऊन त्या मेसमध्ये शिरल्या. पोरी ताटं घेऊन रांगेत. आवारात भेटायला आलेले आईबाप बसलेले. ताईंनी किशोरला झाकण काढायला लावलं, डाव फिरवायला लावला आणि म्हणाल्या, “हे वाढायचं नाही. यात कोंबडीच नाही.”

किशोर जरा दचकला, पण गडी मुरलेला. सगळ्या पोरींसमोर त्यानं वाटीत रस्सा घेतला आणि ताईंपुढं धरला. “नियम तुमालेही ठाऊक हाय ताई. चव घेतल्याबिगर नापास करता येत नाही. घ्या चव.”

ताईंचा चेहरा लालबुंद. मी हात पुढं केला, अगदी आनंदानं केला, खोटं कशाला बोलू! पण किशोर म्हणाला, “बाहेरच्या माणसाले अधिकार नाही.” ते खरंच होतं.

ताईंनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर. मग मोठ्यानं हाक मारली, “जयवंताबाई, या इकडं!” पायल नावाच्या पोरीची आई धारणीकडून पहाटेच्या गाडीनं आली होती. “तुमची पोरगी हे खाते. पालक बाहेरचा नसते. घ्या चव.”

जयवंताबाईंनी वाटी तोंडाला लावली, घोट घेतला, किशोरकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कोंबडी यात पोहून गेली असन भाऊ, राह्यली नाही.”

हसण्याचा असा गलका झाला की पत्रे वाजले. किशोरला नवी कोंबडी आणून शिजवावी लागली आणि पोरी दुपार कलल्यावर जेवल्या, पण जेवल्या. तेव्हापासून चवीचं काम आलेल्या पालकांकडे आलं. त्यात काहींच्या जिभा अशा तिखट निघाल्या की आचारी रविवारी सकाळपासून घाबरलेला असे. ताईंनी पनीरचा डबा बंद केला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण किशोर कसला ऐकतो! रस्सा दाट झाला, तर वाढताना गडबड सुरू झाली. पुढच्या टेबलांना तुकडे, मागच्यांना पाणी. ताईंनी वाढप्यांना रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी एका रविवारी त्यांनी पदर खोचला आणि डाव स्वतःच्या हातात घेतला. त्या आधी क्षणभर डोळे मिटून उभ्या होत्या. बापाचं बोलणं आठवत असणार, दुसरं काय? मग दर रविवारी तेच. वाढायचं, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायची आणि खिडकीतून मला सांगायचं, “आज सगळ्यायले मिळालं.”

हिवाळ्यात एका रविवारी भगवंतराव न कळवता आले. घराला कुलूप बघून ते माझ्या दारी आले. मी काही सबब सांगून त्यांना बसवून ठेवायला हवं होतं, पण त्यांच्यापुढं सबब सुचत नाही. मी त्यांना वसतिगृहात घेऊन गेले.

ताई पातेल्यापाशी वाढत होत्या. बाप दारात दिसला आणि डाव हवेतच थांबला. पुढं ताट धरून एक बारकीशी पोरगी उभी होती. भगवंतरावांनी लेकीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग त्या पोरीच्या ताटाकडे.

“थांबली काहून?” ते म्हणाले. “वाढ तिले.”

ताईंनी वाढलं आणि डाव माझ्या हाती देऊन त्या बाहेर आल्या, मी डाव घेऊनच मागोमाग. हात धुतले, सवयीनं पाण्याचा पेला भरला आणि बापापुढं धरला. भगवंतरावांनी तो हातानं बाजूला केला. “बोललो ते बोललो,” म्हणाले. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझ्याही. म्हाताऱ्याचा इतका राग आला मला की काहीतरी बोलणारच होते.

तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं आणि लेकीच्या हातावर ठेवलं. “सोल. तहान लागली मले.”

ताईंनी ते सोललं. भगवंतराव पायरीवर बसून एकेक फोड घेत राहिले. संपल्यावर धोतराला हात पुसत म्हणाले, “आता रडणं बंद कर, आत जा. मागच्या पोरी वाट पाहून राहिल्या असतीन. अन् तो डाव दुसऱ्या कोणाच्या हाती देत जाऊ नको.”