पाठीला माती लागल्यावर

कारभारी पगारे आमच्या शाळेत शिपाई होता. मी बाहत्तर साली रुजू झालो तेव्हा त्याने चौतिशी गाठली होती. माझ्यापेक्षा तो सात-आठ वर्षांनी मोठा, तरी मी त्याला एकेरी हाक मारायचो आणि तो मला अहो-जाहो करायचा. शाळेत सगळ्यांचंच तसं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

तो मूळचा येवल्याकडचा. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या मारत फिरायचा. सटाण्याच्या यात्रेत एकदा त्याला पितळी घागर मिळाली होती. ती त्याच्या घरी पाण्याच्या जागेवर असायची आणि त्याची बायको चांगुणा तिला दर रविवारी चिंचेने घासायची. त्याचे कान कुस्तीगिरांचे असतात तसे चुरगळलेले होते. शाळेची घंटा तो डाव्या हाताने वाजवायचा, कारण उजवा खांदा दोनदा निखळून बसलेला होता. आवाज मात्र बारीक. इतक्या मोठ्या देहातून तो आवाज आला की नवीन मुलं हसायची आणि तोही हसायचा.

शाळेमागे त्याची वस्ती होती. विहाराच्या बाजूला पत्र्याची एक लांबट शेड होती, वस्तीच्या मंडळाच्या मालकीची. तिथे कारभारीची तालीम भरायची. आत एक हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा. ती माती तो दर आठवड्याला खणायचा, ताक, हळद, तेल घालून पायाने मळायचा. सतरा पोरं येत. कुणाकडून काही घ्यायचा नाही. सकाळी पाच ते साडेसहा हा दीड तास सोडला, तर दिवसभर लोक त्याला ‘ए कारभारी’ म्हणायचे. त्या दीड तासात तो वस्ताद असायचा.

मी दोन-तीनदा सकाळी जाऊन बघितलं होतं. त्याचा एक नियम फार कडक होता. समोरच्याच्या पाठीला माती लागली की त्याच क्षणी हात सोडायचा. मग उठून त्याला हात द्यायचा, उभं करायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने झटकायची. पडलेल्याच्या छातीवर कुणी क्षणभर जास्त बसला, तर शंभर बैठका.

“चीत झाला म्हंजे झालं,” तो पोरांना सांगायचा. “त्याच्यापुढं काय नसतं.”

एकोणऐंशी साली चिंतामण सर शाळेत शारीरिक शिक्षणाला आले. सव्वीस वर्षांचे, अंगाने सडपातळ, केस कपाळावर आलेले. मुंबईत राहून कराटे शिकले होते, ब्राऊन बेल्ट होते. त्यांनी शाळेच्या गच्चीवर संध्याकाळचा क्लास सुरू केला. पांढरे कपडे घातलेली तीस मुलं एका सुरात ओरडत हवेत ठोसे मारताना पाहून रस्त्यावरचे लोक सायकली थांबवायचे. सुरुवातीला ते कारभारीला ‘कारभारीदादा, तुम्ही’ असं म्हणत. सबंध शाळेत तसं म्हणणारे ते एकटेच.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाद सुरू व्हायचा आणि तो नेहमी कारभारी चहा घेऊन आला की सुरू व्हायचा. खऱ्या मारामारीत कामाला काय येतं, तालीम की कराटे?

“कारभारीदादा, तीन वर्षं मातीत लोळून पोरगं तयार होणार,” चिंतामण सर म्हणायचे. “आणि रस्त्यात दोघे आडवे आले तर काय करायचं? एकाला सांगायचं, तू जरा थांब, याला चीत करून येतो?”

आम्ही हसायचो.

“आन तुमचं, सर?” कारभारी कपबशा मांडता मांडता म्हणायचा. “तुमी वाऱ्याला मारता. वारा काय परत मारत नाय.”

आम्ही जास्त जोरात हसायचो.

“क्लासमध्ये ठोसा एक बोट अलीकडे थांबवतात. त्याला कंट्रोल लागतो.”

“पन थांबायचीच सवय लागली तं? खऱ्या भांडनात बी हात थांबंल.”

“आणि तुमची सोडायची सवय?”

“ती असावीच लागती.”

दोघांचंही बोलणं मला पटायचं. पण खोलीतले आम्ही आठजण काही पटवून घ्यायला बसलेले नव्हतो. चहाबरोबर काहीतरी हवं होतं. वर्षभर हे चाललं. शेवटी एक दिवस मीच म्हणालो, “बोलून काय होणार? एकदा करून बघा.” मुख्याध्यापकांना कल्पना आवडली. एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीतला शनिवार ठरला, सकाळची शाळा सुटल्यावर, खो-खोच्या मैदानावर.

तालमीतली सगळी पोरं कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसली होती. मधोमध वाल्मीक होता, एकोणीस वर्षांचा, सातपूरला कारखान्यात लागलेला. कारभारीचा सगळ्यात चांगला पठ्ठ्या. समोरच्या बाजूला पांढऱ्या कपड्यांतली मुलं. कारभारीने खाकी सदरा काढून घडी करून घंटेच्या खांबाशी ठेवला, वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला लावला.

चिंतामण सरांचे पहिले तीन ठोसे एक बोट अलीकडे थांबले. प्रत्येक वेळी ते म्हणाले, “लागला.” चित्रकलेचे शिक्षक मोठ्याने मोजत होते.

कारभारीने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. “कुठं लागला?”

सगळं मैदान हसलं. चिंतामण सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“लावा ना मंग,” कारभारी म्हणाला. चिडवत नव्हता. त्याला खरंच समजलं नव्हतं.

चौथा ठोसा थांबला नाही. कारभारीचा ओठ फुटला. पाठोपाठ लाथ आली, ती त्याने दोन्ही हातांनी धरली आणि पट काढला. चिंतामण सर उताणे पडले आणि कारभारी त्यांच्यावर. दोन्ही खांदे मातीला टेकलेले होते, याबद्दल कुणाला शंका नव्हती. भिंतीवरून एकच आरोळी उठली.

कारभारी लगेच उठला. त्याने हात दिला. सरांनी तो धरला आणि उभे राहिले. मग कारभारी त्यांच्या मागे गेला आणि पाठीची माती झटकू लागला, एक हात, दुसरा हात, जसं तो पोरांची झटकायचा तसं. त्याची मान खाली होती. सर वळले आणि त्यांनी त्याच्या उजव्या गुडघ्यावर बाजूने लाथ घातली.

ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. कारभारी खाली बसला.

“कोण म्हणालं संपलं?” सर धापा टाकत म्हणाले. “खऱ्या भांडणात पंच नसतो, दादा.”

मुख्याध्यापक म्हणाले, “मुद्दा मात्र बिनतोड आहे.” आम्ही हसलो. मीही हसलो, कारण मला वाटलं तो उठेल.

तो अडीच महिने पायाला प्लॅस्टर घालून घरी होता. शाळेच्या वहीत ‘जिन्यावरून घसरून पडला’ अशी नोंद झाली. त्याच्या घरी जाऊन त्याची सही मी घेतली. त्याने वाचलं नाही. म्हणाला, “तुमी लिहिलंय ना, सर.”

गुडघा पुढे पुरता वाकला नाही. घंटा त्याच्याकडे राहिली, पाणी भरणं आणि वर्गांत पोचवणं दुसऱ्या शिपायाकडे गेलं. आणि चिंतामण सर त्याला ‘अरे कारभारी’ म्हणू लागले. हा बदल एका दिवसात झाला आणि कुणाच्या लक्षात आला नाही. तालमीतली सतराची पाच पोरं उरली. बाकीची गच्चीवर गेली, वाल्मीक सगळ्यात शेवटी. जाताना तो पाया पडायला आला होता, तेव्हा कारभारी त्याला म्हणाला होता, “जा. तिकडं बी मन लावून कर.” हे मला चांगुणाबाईंनी सांगितलं.

त्र्याऐंशीपर्यंत क्लास इतका वाढला की गच्ची पुरेना. चिंतामण सरांनी तालमीची शेड मागितली. हौदा बुजवून वर फरशी घालायची. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष सावळीराम, सरकारी कचेरीत कारकून, विचारी माणूस. त्यांनी सांगितलं की स्नेहसंमेलनात क्लासचं काम बघतो आणि मग ठरवतो.

दोन दिवसांनी सरांनी कारभारीला बोलावलं. मी खोलीतच होतो.

“संमेलनात एक प्रात्यक्षिक बसवलंय. वाल्मीकला तू चीत करायचंस, उठायचंस, पाठ झटकायचीस. तो वळून लाथ मारेल. लागणार नाही, तो आता चांगला थांबवतो. तू पडायचंस. मग मी माईकवरून लोकांना समजावून सांगेन.”

कारभारीने स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

“नीट केलंस तर अर्धी शेड हौद्याला ठेवा, असं मी सावळीरामना सांगतो.”

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. “करू का, सर?”

“कर,” मी म्हणालो. “अर्धी तरी राहील.”

चांगुणाबाई मागे उभ्या होत्या. “ज्यानं गुडघा मोडला त्याच्याच पुढं परत पडनार का?”

“खोटं पडायचंय,” कारभारी म्हणाला.

“मागच्या खेपंला काय खरं होतं?”

संमेलनाला मंडप भरला होता. सावळीराम पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागे. स्टेजवर सतरंजी होती. कारभारीने सवयीने सतरंजीलाच हात लावून कपाळाला लावला आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. त्याने वाल्मीकला धरलं. पोराने अंग इतकं सैल सोडलं होतं की पाडणं कमी आणि निजवणं जास्त वाटलं. पाठ टेकली, कारभारीने हात सोडला. उठायला त्याला वेळ लागला. पाय बाजूला फेकून, हाताचा रेटा देऊन उठावं लागायचं. लोक हसले. त्याने हात देऊन वाल्मीकला उभं केलं, मागे गेला आणि पाठ झटकू लागला. पांढऱ्या सदऱ्यावर धुळीचा कणही नव्हता.

“आता बघा,” चिंतामण सर माईकवर म्हणाले.

वाल्मीक वळला नाही.

“आता बघा,” सर पुन्हा म्हणाले.

कारभारी झटकतच होता. मी पुढे बसलो होतो म्हणून मला ऐकू आलं.

“मार रे. सर थांबलेत.”

“नको, वस्ताद.”

“मार म्हंतो ना. हौदा जाईल.”

वाल्मीक वळला. त्याची लाथ सुरेख आली आणि गुडघ्याच्या एक बोट अलीकडे थांबली, हलली नाही. क्षणभर दोघे तसेच राहिले. मग, ठरलं होतं म्हणून, कारभारी पडला. न वाकणाऱ्या पायावर पडता येत नाही हे त्याने आधी करून बघितलं नसावं. तो त्याच गुडघ्यावर गेला. ओरडला, त्याच्या त्या बारीक आवाजात. मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “शिपाई असून काम किती छान केलं हो.”

चिंतामण सरांनी पाच मिनिटं माईकवरून समजावून सांगितलं. तोवर कारभारी सतरंजीवरच होता.

बाहेर पडताना सावळीराम मला म्हणाले, “सर, माझं मत तालमीकडे होतं, खोटं कशाला बोलू. पण आज डोळ्यांनी पाहिलं. कारभारीनंच दाखवून दिलं. मग अर्धी तरी कशाला अडवून ठेवायची?”

चिंतामण सरांनी शब्द पाळला, म्हणजे अर्ध्या शेडचा विषय मंडळाकडे काढला. सावळीराम नाही म्हणाले, सर बरं म्हणाले. मे महिन्यात फरशी बसली. हौद्यातली वरची वीतभर माती कारभारीने आणि वाल्मीकने दोन दिवस पाट्यांनी वाहून विहारामागच्या कडुलिंबाखाली टाकली. जूनमध्ये ती वाहून गेली.

शाळा उघडल्यावर एका दुपारी मी घंटेपाशी उभा होतो. कारभारी स्टुलावर बसला होता, पाय समोर सरळ ताठ.

“सर, एक इचारू?”

“विचार.”

“मानूस चीत झाला. पाठीला माती लागली. त्याच्यापुढं काय असतं?”

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी शिकवणारा माणूस, मला माहीत असेल असं त्याला वाटलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी म्हणालो, “जरा पाणी दे रे.”

पाणी त्याच्याकडे नव्हतं, दोन वर्षांपूर्वीच ते काम काढून घेतलं होतं, हे मला बोलल्यावर आठवलं. तोवर खांबाला धरून तो उठला होता.