आमच्या बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, माझ्या सगळ्या भानगडी जिला तोंडपाठ आहेत त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे ते बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर मी कुठलीही गोष्ट दोन वाक्यांत विनोदी करून टाकते, ही माझी जुनी खोड. एकदा भिशीत तसा प्रयत्न झालाही — पिलाटेस नावाच्या व्यायामाच्या नादात मी कुठं कुठं भटकले ते सांगायला घेतलं, बायका खो खो हसल्या, आणि एका ठिकाणी आल्यावर मला पुढचं बोलताच येईना. चहा आणते म्हणून उठले.

तर ते भटकणं आधी सांगते. ते सोपं आहे.

चारेक वर्षांपूर्वी नाशकात पिलाटेसचे क्लास नुकतेच निघू लागले होते. कॉलेज रोडला केकच्या दुकानावर एक, गंगापूर रोडला एक, इंदिरानगरात कुणाच्या तरी बंगल्याच्या पार्किंगमध्ये एक. पहिला तास सगळीकडे फुकट, ट्रायल म्हणून. मग काय — मुली बघायला जावं तशी मी क्लास बघत सुटले. एकात नुसती सतरंजी, एकात भिंतीचा दांडा धरून पाय उचलायचे, एकात मोठ्या चेंडूवर बसून तोल सांभाळायचा. चेंडूवरून मी पडले. आमचे हे ओझरच्या कारखान्यात आहेत, त्यांचं सगळं मोजून-मापून. ते म्हणाले, एक धड निवड आणि तिथं टिक. मी म्हटलं, बघू तर द्या.

मला पोट कमी करायचं होतं. एवढंच. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण त्या क्लासची खरी गरज माझी नव्हतीच.

गरज बाईंची होती.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. घोटीजवळच्या आमच्या गावी असतात, तिथं भाताची शेती आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जाऊबाई म्हणायचे. हळूहळू पुढचं 'जाऊ' गळून पडलं आणि नुसतं 'बाई' राहिलं. पुतणे, भाचे, शेजारीपाजारी, सगळे त्यांना बाईच म्हणतात. आमच्या घरात या शब्दाला वजन आहे. बाईंना विचारा. बाई म्हणतील तसं. कुणी पाहुणा आला की आम्ही डोक्यावर पदर घेऊन सांगतो — ह्या आमच्या बाई. म्हणजे या घरातल्या मोठ्या.

त्या वर्षी त्यांची कंबर फार दुखायला लागली. आम्ही त्यांना नाशकात आणून डॉक्टरला दाखवलं. ऑपरेशन नको, डॉक्टर म्हणाले, पण पोटाचे आणि पाठीचे स्नायू घट्ट करायला हवेत, नाहीतर पाठ वाकत जाईल. पिलाटेससारखं काही नीट शिकवणाऱ्याकडून शिकता आलं तर बघा. मी तर उडालेच. म्हटलं, अहो मी जातेच आहे, माझ्याबरोबर नेते. ह्यांना किती बरं वाटलं. आपल्या वहिनीवर ह्यांचा फार जीव आहे.

आणि माझा नव्हता? होता. तेच तर सांगणं अवघड आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आवणीला — भाताची रोपं लावतात ना, तेव्हा — मी चिखलात पाय घातला नाही. बाई सासूबाईंना म्हणाल्या, "ती नाशकाची हाय, तिला नका सांगू." आणि माझ्या वाटणीची पात त्यांनी लावली. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्याही. दिवसभर ओणवं राहून.

क्लाससाठी आम्ही दोघींनी जाऊन मेन रोडवरून बाईंना ट्रॅकपँट घेतली. निळी, बाजूला पांढरी पट्टी. बाईंनी आयुष्यात साडीशिवाय काही घातलेलं नव्हतं. खोलीचं दार लावून घातली, वर साडी नेसल्या आणि बाहेर येऊन हळूच विचारलं, "आत हाय. वरून कळती का?" मी हसून हसून सोफ्यावर बसले. त्याही हसल्या. मग ती काढून, घडी करून, कापडी पिशवीत ठेवली. तिथं गेल्यावर बदलू म्हणाल्या.

पहिल्या दिवशी कॉलेज रोडचा क्लास, मीही तिथं पहिल्यांदाच. तिथं मशीन होती — सरकणारी फळी, खाली स्प्रिंगा, पायांना पट्टे. बाई दारातून म्हणाल्या, "ही तर स्प्रिंगा लावल्याली खाट हाय गं." एका भिंतीला छतापर्यंत आरसा होता. शिकवणारी पोरगी पंचविशीची असेल, गोड होती. तिनं माझं नाव विचारलं, मी शैला म्हणून सांगितलं, मग ती बाईंकडे बघून म्हणाली, आणि ह्या?

मी म्हटलं, "ह्या आमच्या बाई."

खरं सांगते, सवयीनं म्हटलं. मनात काही नव्हतं. पण कॉलेज रोडला या शब्दांचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या बाई आज आल्या नाहीत. आमच्या बाईंनी खाडे केले. तुम्हीही म्हणता, मीही म्हणते. ती पोरगी हसली आणि अगदी आदरानं म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर बसता का? तिथं स्टूल आहे. पाणीबिणी घ्या हं."

मला लगेच कळलं. त्याच क्षणी कळलं, नंतर नाही. 'अहो, जाऊ आहेत माझ्या, मोठ्या' — एवढं म्हणायचं होतं. तीही शरमली असती, सॉरी म्हणाली असती, सगळे हसलो असतो. किती सोपं होतं. मग का नाही म्हणाले?

आरशात दोन बायका केस बांधता बांधता आमच्याकडे बघत होत्या. मीही आरशात बघितलं. बाईंची अंगठ्यापाशी झिजलेली चप्पल, टाचांच्या भेगा, हातातली कापडी पिशवी. आणि शेजारी मी, नवीन काळ्या टाइट्समध्ये. मी काही गंगापूर रोडवर जन्मलेली नाही हो. एकलहऱ्याच्या वसाहतीत वाढले, आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर वीज केंद्राची राख बसायची, ती झटकून शाळेत जायचो. मला कुणाची लाज वाटायचं काय कारण होतं? पण वाटली. हो म्हणून मी मान हलवली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला.

"दे पर्स," म्हणाल्या.

तोवर त्यांनी कधी माझी पर्स हातात घेतली नव्हती. कधीच. उलट मी त्यांची पिशवी घ्यायची. पर्स मांडीवर घेऊन त्या काचेबाहेरच्या स्टुलावर बसल्या. आणि मी — मी आत जाऊन त्या खाटेवर आडवी झाले. पोरगी सांगत होती, पाय लांब सोडताना श्वास सोडा, जवळ घेताना श्वास घ्या. मी सोडत होते, घेत होते. काचेकडे बघत नव्हते.

रिक्षात बाई त्या मशीनबद्दलच बोलत राहिल्या. पाय कसा सोडायचा, पट्टा कुठं अडकवायचा. मला वाटलं, चला, त्यांना काही कळलेलं नाही. इतकं बरं वाटलं मला. पण मग 'दे पर्स' कशाला म्हणाल्या असत्या? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

जेवताना ह्यांनी विचारलं, "वहिनी, कसा वाटला क्लास?" बाईंनी घास खाली ठेवला. त्या काही बोलायच्या आत मी म्हणाले, "त्यांना लाज वाटते हो तिथं. बसून राहिल्या बाहेर."

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "व्हय," म्हणाल्या. "मला लाजच वाटती."

एवढंच असतं तर मी हे केव्हाच कुणाला सांगून मोकळी झाले असते. शब्दाचा घोळ झाला, तोंडातून निघून गेलं, जिभेला हाड नसतं — माणसं करतात माफ. एवढंच नाही ना पण.

हे म्हणाले, सवय होईल, दुसरीकडे बघा. दुसऱ्या दिवशी सतरंजी काखेत मारून मी गंगापूर रोडच्या क्लासला निघाले, बाईंना घेऊन. वाटेत मनाशी वाक्य घोकत होते — ह्या माझ्या जाऊबाई, ह्यांच्यासाठीच आलोय. बाईंच्या मांडीवर तीच पिशवी होती. आत तीच निळी पँट. त्यांनी ती परत बरोबर घेतली होती, हे लक्षात ठेवा. मी तरी विसरलेले नाही.

तिथली शिकवणारी मोठी होती, चाळिशीची. तिनं आम्हा दोघींकडे नीट बघून विचारलं, "दोघींना करायचंय का?"

खरं सांगायला दार सताड उघडं होतं. पण आत कालच्या क्लासमधली, आरशात केस बांधणारी एक जण उभी होती. तीही माझ्यासारखीच ट्रायल देत हिंडत असणार. ती मला ओळखून हसली. आणि मला वाटलं, आज जाऊ म्हटलं तर हिला कळेल की काल मी गप्प बसले होते. ही काय म्हणेल? ही — जिचं नाव मला आजही माहीत नाही.

मी पर्समध्ये मोबाइल शोधायचं नाटक करत म्हणाले, "छे छे, मी एकटीच. ह्या आमच्या बाई."

या वेळी तो सवयीचा शब्द नव्हता. या वेळी मी तो शहरातल्यासारखा म्हटला, तसाच कळावा म्हणून म्हटला. बाई माझ्यामागे हातभरावर उभ्या होत्या. दोन्ही अर्थ त्यांना ठाऊक होते.

त्या बाहेर गेल्या. तास संपल्यावर मी चपला घालत होते तर त्यांनी आत येऊन माझी सतरंजी गुंडाळली, काखेत घेतली. ती केस बांधणारी आमच्याबरोबर जिना उतरत होती. "किती करतात हो तुमच्या बाई," म्हणाली. मी सतरंजी त्यांच्या हातातून घेतली नाही. रिक्षापर्यंत त्यांनीच आणली, कमरेवर एक हात ठेवून, एकेक पायरी उतरत.

ज्यांच्या कमरेसाठी गेलो होतो, त्यांनी.

घरी मी सांगितलं, बाईंनाच नको आहे, उगाच आग्रह करू नका. बाई म्हणाल्या, "मला नाय जमायचं ते. शैला करती ना, बास झालं." मग भाताची कामं निघाली म्हणून त्या गावी गेल्या. पिशवी घेऊन गेल्या. मी आणखी थोडे दिवस गेले आणि कंटाळून सोडून दिलं. पोट आहे तिथंच आहे. घरात आजही सगळे म्हणतात, बाईंसाठी शैलानं किती केलं, पण बाईंचा स्वभावच भिडस्त. मी ऐकून घेते.

बाईंची पाठ आता वाकली आहे. उभ्या राहिल्या की आधी जमीन दिसते त्यांना, मग माणूस. क्लास केला असता तर वाकली नसती, असं डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत. माझ्या तोंडावर हे वाक्य पुष्कळदा आलं आहे. इथं ते लिहिलं आणि आता त्याचा आधार घेणार नाही. करून बघायचं त्यांचं होतं, ते मी होऊ दिलं नाही.

गेल्या दिवाळीला आम्ही गावी गेलो होतो. दुपारी भांडी आवरून मी पडवीत आले तर शेजारच्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसत बसल्या होत्या. खाली गोधडी अंथरून बाई उताण्या झोपल्या होत्या. अंगात दिरांचा जुना शर्ट आणि ती निळी पँट — पांढऱ्या पट्टीची. गुडघे पोटाशी घेऊन पाय लांब सोडत होत्या, अगदी त्या मशीनवर सोडतात तसे. कोन बरोबर, पंजा ताणलेला. फक्त पाय सोडताना त्या श्वास कोंडून धरत होत्या, चेहरा लाल होईपर्यंत. काचेबाहेर श्वासाचं सांगितलेलं ऐकू येत नाही. हे तिथं माझ्याशिवाय कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

एकीनं विचारलं, "बाई, हे कुठं शिकल्या वो तुमी?"

बाईंनी पाय खाली टेकवले, दम घेतला.

"ह्या आमच्या शैलानं शिकवलं," म्हणाल्या. "नाशकाला. लय जीव लावून शिकवलं."

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. बाईही बघत होत्या, खालून, गोधडीवरून. श्वासाचं तेवढं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. मग शिकवलं होतंस तर हे कसं राहिलं, असं कुणी विचारेल, असं मनात आलं.

मी मान हलवली.