धुराड्याखालचा माणूस

निवृत्तीनंतर मी मुलाकडे मारुंजीला राहायला आलो. इथून समुद्र लांब, याचा मला मनातून रागच होता. मुंबईच्या बंदरात वर्कशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाने पार्किंगची भांडणं किती ऐकायची? म्हणून आमची सोसायटी जिच्या शेतात उभी आहे ती आक्का एका सकाळी पदराखाली फ्रेम घेऊन आली, तेव्हा मी चहा तसाच ठेवून उठलो.

"भाऊ, तुमी बोटीवालं ना? ह्ये बघा. माझा बाप हाय ह्यात."

आक्का ऐंशीच्या पुढची. तिचे वडील मुंबईत बोटीवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. ती पाळण्यात असतानाच ते तिकडे तापाने गेले. पाठोपाठ आईही गेली. मागे राहिला तो बोटीवरच्या सगळ्यांचा हा एक फोटो. आता नव्या घराच्या हॉलमध्ये तिला बापाचा मोठा फोटो लावायचा होता आणि फोटोवाला विचारत होता, यातला कुठला चेहरा मोठा करू?

"चुलती ह्या टोपीवाल्याला गंध लावायची," ती म्हणाली. "तिचं बघून मी बी लावतीया. पर चुलती लगीन हून आली तवा बाप जाऊन लई दिस झालं व्हतं. तिनं कुटं त्येला बघितलेला? आन् ह्येचं तोंड आमच्यात कुणाशीच जुळत न्हाई. परका मानूस भितीवर टांगला तर बाप काय म्हनंल?"

चुलतीने फोटोतला सगळ्यात रुबाबदार माणूस निवडला होता. दिराला तिने बढतीच दिली होती म्हणायची.

मी चष्मा पुसून बोट बघायला लागलो. मागे भला मोठा लोखंडी हूक, नाकाला जाड दोरखंड गुंडाळलेले, उंच धुराडं. ही टग होती. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी बोट.

"येवढीशी?" आक्का जरा खट्टू झाली. "आमी म्हनायचो बाप इलायतेला जायचा."

"एवढीशीच. पण हिच्याशिवाय विलायतेची बोट धक्क्याला लागत नव्हती," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणालो.

मग धुराड्यावरचे तीन पट्टे आणि त्याच्या काठाला पडलेला पोचा दिसला. ही टग मी ओळखत होतो. मी नवीन लागलो तेव्हा ती भंगारात निघायची वाट बघत कडेला उभी होती. तिचा बॉयलर सोडवायला मीच आत उतरलो होतो. धुराड्याच्या पायाशी बॉयलरच्या खोलीतून वर डोकं काढायचं एक झाकण होतं. आगवाल्याला घटकाभर हवा खायची तेवढीच जागा.

"टोपीवाला सारंग आहे, बोटीचा मुख्य," मी म्हणालो. "तुमचे वडील त्याच्या खाली, झाकणापाशी असणार."

पण तिथे काहीच दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं टोपीवाल्याच्या कपाळी लावलेलं ओलं गंध ओघळून काचेवर त्याच जागी थर होऊन वाळलं होतं.

"पुसू का?"

आक्काने फ्रेम माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "पुसा."

ओल्या फडक्याने मी हळूहळू थर काढला. खालून एक तरुण पोरगा वर आला. कमरेपर्यंत झाकणाबाहेर, गळ्यात फडकं, तोंड कोळशाने काळं, आणि सुपासारखे बाहेर आलेले कान.

आक्काने पदर डोक्यावरून मागे सारला. तेच कान. मला भडभडून आलं. ती मात्र हसत होती.

"म्हंजी लावलं वरच्याला, पर पोचलं बापालाच," ती म्हणाली. "चुलती लई चांगली व्हती, भाऊ."

फोटोवाल्याकडे मीही तिच्याबरोबर गेलो. त्याने चेहरा कापून मोठा करू म्हटलं, ती नको म्हणाली. अख्खी टग मोठी करून घेतली. आता हॉलमध्ये लावली आहे आणि मी रोज चहाला तिकडेच असतो. बाप कुठला ते आक्काला पक्कं ठाऊक आहे. तरी गंध ती अजून टोपीवाल्याच्याच कपाळी लावते, पाणी जरा जास्त घालून.