वहीतले तीन सूर्य

हवामान कचेरीतल्या निरीक्षकाला सगळी वस्ती आभाळकाका म्हणायची. गाद्या उन्हात टाकू का, रंगाऱ्याला आज बोलावू का, असं विचारायला बायका त्याला रस्त्यात अडवायच्या. तोही डोळे बारीक करून वर बघायचा आणि असा कौल द्यायचा, जणू ढग त्याला विचारूनच घराबाहेर पडतात. अठ्ठावीस वर्षं तो आभाळाची नोंद ठेवत होता. वस्तीला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. साडेसातच्या नोंदीला तो आताशा सव्वाआठला उगवायचा. झाडलोट करणाऱ्या मावशी सातला येत. साडेसातला मावशीच तापमापीवरचा आकडा खडूने फरशीवर लिहून ठेवत आणि आभाळकाका आल्यावर तो वहीत उतरवून घेई.

थंडीतल्या एका सकाळी तो आला तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या.

"साहेब, आज सात चाळीसला तीन सूर्य दिसले. मधे खरा, दोन बाजूंना दोन खोटे."

टायपिस्टबाई आणि शिपाई ऐकत होते. त्याला चेव आला. "मावशी, झोपेतच झाडू मारत होतात की काय?"

दोघं खदखदून हसले. मावशींनी एक जुना फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवला आणि बादली उचलून त्या निघून गेल्या. फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने सूर्य काढला होता, त्याभोवती मोठं खळं, आणि खळ्यावर सूर्याच्याच उंचीला दोन झगझगीत ठिपके. ठिपक्यांची सूर्याकडची कड तेवढी लाल पेन्सिलीने रंगवलेली.

ती कड पाहून त्याचं हसू ओसरलं. उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे कण असले की असे सूर्य दिसतात आणि त्यांची आतली बाजूच तांबूस असते, हे त्याने शिकताना वाचलं होतं. बघितल्याशिवाय हे कुणी काढलं नसतं. त्याला स्वतःला ते एकदाही दिसलं नव्हतं.

तेव्हाच उठून मावशींना हाक मारायला हवी होती. त्याने कागद खणात सारला. दुपारी खोली रिकामी झाल्यावर वहीत लिहिलं, 'सकाळी सात चाळीस, स्वतः पाहिले', आणि खाली सही ठोकली. मग चित्र नीट उतरवून मुख्य कचेरीला धाडलं.

दोन महिन्यांनी ते खात्याच्या मासिकाच्या अंकात छापून आलं. मोठे साहेब आले, त्याच्या हातात गुच्छ दिला, म्हणाले, "नजर असावी तर अशी!" खुर्च्या मावशींनीच मांडल्या होत्या. पाण्याचा जग घेऊन त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. तापमापीकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याला गुच्छ कुठे ठेवावा ते कळेना.

घरी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आणि मी तो अंक शेजारीपाजारी मिरवत फिरले!"

दुसऱ्या दिवशी तो पावणेसातलाच कचेरीत हजर झाला.

"मावशी, ते चित्र तुमचं. तसं पत्र लिहिलंय मी वर."

"पत्राचं तुम्ही बघा," मावशी म्हणाल्या. "तुम्ही मला 'झोपेत होतात' म्हणालात, ते सगळ्यांदेखत. मागे घ्यायचं तर सगळ्यांदेखतच घ्या."

दहा वाजता त्याने सगळ्यांदेखत ते मागे घेतलं. आपण रोज उशिरा येत होतो, हेही सांगितलं. टायपिस्टबाईंनी मान खाली घातली. त्याही हसल्या होत्या. शिपाई उगाच फायली रचत बसला.

पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती आली. त्याच्याकडून नोंदवही काढून घेतली आणि त्याला भांडारात बसवलं. मावशी अजूनही सातलाच येतात. वर काही वेगळं दिसलं तर टायपिस्टबाईंना हाक मारतात. परवा दोघी गच्चीवर उभ्या राहून कुठल्याशा ढगाकडे बोट दाखवत होत्या. तो जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत गेला. पुढे जायचा त्याला धीर झाला नाही.