साखरबाईंचं नाव गेलं कुठं?

झुंबरतात्यांचं निमगाव केतकीत लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे आणि मी तिथं डिझाइन करते. तात्यांची उमर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली. कॉम्प्युटर त्यांनी नाइलाजानं घेतला, पण माउसवर हात अजूनही तापल्या तव्यावर ठेवल्यासारखा ठेवतात.

एक रीत मात्र त्यांनी सोडली नाही. छापण्याआधी लग्नघरी जायचं, भावकी बसवायची आणि सगळा मजकूर मोठ्यानं वाचायचा. ज्याचं नाव राहिलं त्यानं तिथंच बोलावं, मांडवात रुसवे नकोत. पूर्वी कागद न्यायचे, आता लॅपटॉप नेतात. दुकानातल्या सामायिक ड्राइव्हवरच्या फाइलींची प्रत लॅपटॉपमध्येही असते. परत येऊन जोडला की दोन्ही आपोआप जुळतात.

लोणी भापकरला मानसिंगरावांच्या राजलक्ष्मीची पत्रिका वाचून झाली आणि पोरगी म्हणाली, "निमंत्रकांत साखरआत्याचं नाव कुठं हाय?"

आई गेल्यावर ह्या विधवा आत्यानंच तिला वाढवलं. पण विधवेचं नाव पत्रिकेत घालावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळे मानसिंगरावांकडं बघू लागले. तात्यांनी नंतर हे सांगितलं तेव्हा मला त्या भावकीचा संतापच आला. शेवटी मानसिंगराव म्हणाले, "घाला, तात्या." तात्यांनी एका बोटानं नाव टाइप केलं. साखरबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

इकडे दुकानात फोन आला की मंगल कार्यालय बदललंय, म्हणून त्याच फाइलीत मी पत्ता बदलला आणि घरी गेले. तात्यांनी येऊन लॅपटॉप जोडला. पडद्यानं विचारलं, फाइल दोन्हीकडं बदललीय, कुठली ठेवू? दोन्ही ठेवायचीही सोय होती. पण तात्यांचं गणित खिळ्यांच्या काळातलं. बाहेर फिरून येतं ते कच्चं प्रूफ, दुकानात असतं ते पक्कं. त्यांनी दुकानातली ठेवली आणि तीच छापली.

पत्रिकांचे गठ्ठे पोचल्यावर मानसिंगरावांचा फोन आला, साखरबाईंचं नाव छापलेलंच नाही. तात्या लॅपटॉपपुढं बसूनच राहिले.

"म्या सोता घातलं हुतं, पोरी. गेलं कुठं?"

मी दोन प्रतींचं सगळं समजावलं. ते मान हलवत होते, पण डोक्यात काहीच शिरत नव्हतं. "म्हंजे म्याच पुसलं? म्या तर निस्तं व्हय म्हनलो."

पत्रिका नव्यानं छापून आम्ही दोघं लोणीला गेलो. तात्यांनी साखरबाईंपुढं हात जोडले. "आक्का, नाव कुनी काडलं न्हाय. एकाच पत्रिकेच्या दोन फाइली झाल्या, त्यातली एक गेली. कशी, ते मलाबी नीट उमगलं न्हाय."

साखरबाईंनी पत्रिका हातात घेतली, मला नावाची जागा विचारली आणि तिथं बोट ठेवलं.

"तात्या, तुमी भला मानूस. पन नाव आपसूक कसं जाईल? कुनी काडाय लावलं तेवढं सांगा. म्या भांडनार न्हाय. मांडवात मला त्याच्या म्होरं यायचं न्हाय, एवढंच."