दादाच्या नावाची ट्रंक

नेसरीकडच्या आमच्या गावात घरटी एक फौजी. जवान कामी आला की मागाहून त्याची ट्रंक गावी येते, आणि ती दिसली की माणसं उठून उभी राहतात. आमचे वडील, आप्पा, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झाले होते. आमचं घर ख्रिस्ती, पण फौजेच्या बाबतीत गावाहून वेगळं नव्हतं. आईचं माहेर मात्र लांब मध्य प्रदेशात, मेनोनाईट मंडळीतलं. ते लोक हत्यार धरत नाहीत, सैन्यात जात नाहीत. लग्नानंतर आईनं हा विषय गिळला. पण दादाला झोपवताना ती काय सांगायची, ते आप्पांना कुठं ठाऊक होतं?

कारगिलच्या उन्हाळ्यात दादा भरतीच्या वयाचा झाला. पळण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. आप्पांना एवढी खात्री, की भरतीआधीच त्यांनी आपली काळी ट्रंक रंगवून वर पांढऱ्या अक्षरांत दादाचं नाव घातलं. भरतीच्या सकाळी दादा जागचा हलला नाही.

"आप्पा, जखमी मानसं खांद्यावर आनीन. बंदूक न्हाय धरनार. येशूनं मारू नगा म्हटलंय."

"भ्यालास म्हण की सरळ!"

"भ्यालो असतो तर तुमच्यापुढं बोललो असतो व्हय?"

आप्पांनी त्याला घराबाहेर काढलं. आई मध्ये पडली नाही, याचा मला आजही संताप येतो. दादा मामाच्या गावच्या मिशन दवाखान्यात रोग्यांची सेवा करायला गेला. इकडं पोरं आमच्या दारावरून बांगड्या वाजवल्यासारखे हात हलवत जायची. आप्पा घरात त्याचं नाव काढू देत नसत. ट्रंक माळ्यावर रिकामी पडून राहिली.

काही वर्षांनी रोग्यांकडूनच कावीळ जडून दादा गेला. तिकडं जायला निघताना आप्पांनी स्वतः माळ्यावरून ट्रंक खाली काढली. आम्ही पोचेपर्यंत त्याला पुरलं होतं. त्याचे पांढरे डगले, बायबल, चपला आप्पांनी ट्रंकेत फौजी शिस्तीनं रचल्या.

परतताना कोल्हापूरच्या स्टँडवर नेसरीच्या गाडीत ट्रंक चढवली. कंडक्टरनं नाव वाचलं आणि आवाज उतरवून विचारलं, "पावणं, जवानाची हाय?"

गाडीतली माणसं एकेक करून उभी राहिली.

"न्हाय," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "त्यानं बंदूक धरली न्हाय. माझं पोरगं हाय."

हे ऐकायला दादा हवा होता. माणसं गोंधळून खाली बसली. आप्पा मात्र ट्रंकेवर हात ठेवून नेसरीपर्यंत उभे राहिले.